माडाचे गोळे

दिवाळी झाली तरी पावसानं पाय काढला नव्हता. सकाळी चांगलं ऊन पडायचं, दुपारी डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं व्हायचं आणि चार टपोरे थेंब का होईना, पडून जायचे. खाडीच्या पलीकडे तळेकोंडात कापलेलं भात मळ्यात भिजत होतं. अलीकडे, मोहल्ल्याच्या वर कातळाच्या सड्यावर, युसुफ दारवाले आपल्या कोठीच्या अंगणात मान वर करून उभा होता आणि त्याची बायको सुरय्या ओट्यावरच्या पराती एकेक करून आत नेत होती.

"उझमा, ये गो लवकर! हिरव्याची परात पयली घे."

उझमा त्यांची मुलगी. रत्नागिरीला कॉलेजात जायची, आताच एस्टीतून उतरून चढण चढून आली होती. तिनं सॅक काजूखाली टाकली, चपला काढल्या, दारातल्या बादलीत हात बुडवले आणि मगच परातीला शिवली. ही त्या घरची रीत. शोभेची दारू बनवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कोठीत शिरताना अंगावर सुती कपडा, पाय उघडे, हात ओले. आत लोखंडाची पळीसुद्धा नाही. सगळं लाकडाचं, नाहीतर पितळेचं. ठिणगीला आमंत्रण लागत नाही, असं युसुफचा बाप म्हणायचा. युसुफच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती का नाहीत हे त्या घरात कोणी कोणाला सांगत नसे.

परातीत दाणे होते. बोराच्या बीएवढे, राखेच्या रंगाचे, दिसायला अगदी कुरूप. आभाळात गोळा फुटला की जे रंगीत ठिपके पांगतात, त्यातला एकेक ठिपका म्हणजे असा एकेक दाणा. सुरय्या ते पिठासारखं मळायची, पाटावर थापायची आणि लाकडी पट्टीनं शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडायची. तांबड्यात एक क्षार, हिरव्यात दुसरा, निळ्यात तिसरा. ओले असताना सगळे सारखेच, म्हणून परातीच्या काठाला खडूनं खूण. वाळवायचे सावलीत, वाऱ्यावर. उन्हात घातले तर वरून सुकतात नि पोटात ओल राहते, आणि पोटात ओल राहिलेला दाणा वर जाऊन आंधळा होतो, पेटतच नाही.

थेंब वाजायला लागले तेव्हा शेवटची परात आत आली. सुरय्या दाराला टेकून धापा टाकत बसली. गंधकानं तिची नखं पिवळी झाली होती.

"जत्रेपत्तूर सुकतील?" उझमानं विचारलं.

"सुकवीन," सुरय्या म्हणाली. "माझ्या पदरानं वारा घालीन, पण सुकवीन."

जत्रा पलीकडच्या गावची, नवलाई देवीची, त्रिपुरी पौर्णिमेला. तिची दारू कित्येक पिढ्या दारवाल्यांची. कच्चा माल गावानं द्यायचा, हात ह्यांचे. पालखी देवळात परतली की गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा, त्यात दारवाल्यांचं नाव घ्यायचा, मानाचा नारळ युसुफच्या हातावर ठेवायचा आणि मग युसुफ पहिली वात पेटवायचा. भिकाजी गावकर नि युसुफ एकाच वर्गात शिकलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. वात पेटवताना भिकाजी नेहमी त्याच्या शेजारी उभा असायचा.

त्याच पावसात भिकाजी आला. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. कोठीच्या आत यायचं नाही हे त्याला ठाऊक होतं; वळचणीला उभा राहिला.

"इसूब, जरा बाजूला ये. बोलायचा हाय."

"बोल ना. इथं कोण परका हाय?"

भिकाजीनं सुरय्याकडे बघितलं, मग लांब खाडीकडे. "यंदा तू जत्रेत येऊ नको."

युसुफला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. भिकाजी हसला नाही.

"वातावरण बरोबर नाय रे. पोरा काय काय बोलतात. मोबायलवर कायबाय येता, ता वाचतात नि बोलतात. देवीच्या कामाला मुसलमान कशाला, असा निघाला बैठकीत. मी भांडलू. पण किती भांडणार? तू माल दे, नेमीसारखा. मी स्वता उभा राहून पेटवून घेतू. नारळ तुझ्या घरी आणून देतू. एक वरीस जाऊं दे."

"कोण बोलला?" सुरय्यानं आतून विचारलं. "नाव सांगा, भावजी."

"नावा कशाला घ्यायची, वयनी. दिवसच तसे आलेत."

"मी परवा बाजारात गेल्ये व्हत्ये. सगळी बोलली माझ्याशी."

"तोंडावर कोण बोलतो?" भिकाजी म्हणाला.

 पागोळ्यांचं पाणी युसुफच्या पायावर पडत होतं. मग म्हणाला, "तू भांडलास ना? मग झाला. देवीचा काम अडता नये."

भिकाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच पावसात उतरून गेला.

त्या दिवसापासून युसुफ साकव ओलांडेना. साकव म्हणजे खाडीच्या चिंचोळ्या फाट्यावरचा लहान पूल. रोज सकाळी पलीकडच्या टपरीवर चहा प्यायचा, पेपर चाळायचा, ही त्याची जुनी सवय, ती सुटली. एकदा तेल आणायला जावंच लागलं. दुकानदार फोनवर बोलत होता, त्यानं नुसती मान हलवली. युसुफला वाटलं, हा त्यातला एक. वाटेत शाळेपाशी चार पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून हसत होती. त्याला वाटलं, हेच ते. एका ओळखीच्या पोरानं "चाचा, यंदा माड किती?" म्हणून हाक मारली तर हा न ऐकल्यासारखं करून पुढं निघून आला. घरी येऊन तेलाची बाटली ठेवली नि म्हणाला, "माणसं किती सफाईनं हसतात गो तोंडावर."

 सुरय्या गोळ्याला कागद चढवत होती.

माड म्हणजे ह्या घराची खूण. इतर गोळे फुटतात, गोल फूल होतं, विझतं. दारवाल्यांचा माडाचा गोळा उंच जाऊन फुटला की सोन्याच्या झावळ्या निघायच्या आणि त्या लगेच विझायच्या नाहीत. वाकत वाकत खाली यायच्या, माडाला वारा लागल्यासारख्या. ते सोनं कोळशाचं. रुईच्या नि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा कोळसा युसुफ स्वतः भाजायचा. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या, त्यांच्या आतल्या अंगाला दाणे लावायचे, मधल्या पोकळीत फोडणारी दारू, वाट्या एकमेकींवर मिटायच्या आणि वरून खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या. आडवी, उभी, तिरपी; पुन्हा आडवी. एक बाजू जाड नि एक पातळ झाली तर गोळा पातळ बाजूनं आधी फाटतो नि माड कलतो. सुरय्याचा माड कधी कलला नव्हता. पट्टी बसवून ती अंगठ्यानं दाबत जायची आणि डोळे मिटायची. डोळ्यांपेक्षा तिचा अंगठ्यावर भरवसा.

गोळ्याच्या बुडाशी उडवणारी दारू आणि पोटात जाणारी सावकाश वात. उडवणारी दारू गोळ्याला नळ्यातून वर फेकते. त्याच क्षणी पोटातली वात पेटते, गोळा चढता चढता ती जळत जाते आणि गोळा अगदी टोकाला पोचतो तेव्हा आतल्या दारूला शिवते. माडाचा गोळा जड, म्हणून त्याला लांब नळा हवा. नळ्यात जितका वेळ कोंडला जाईल तितका तो जोर घेतो. आखूड नळ्यात घातला तर तो उंच जात नाही, पण वात काही त्याच्यासाठी थांबत नाही. मग तो उतरताना फुटतो. माणसांच्या डोक्यावर.

युसुफकडे असे लांब नळे होते, कोठीमागे उलटे करून ठेवलेले. जत्रेच्या आदल्या दिवशी ते देवळामागच्या मळ्यात वाळूत पुरायचे, तोंड जरा खाडीच्या बाजूला करून. हे काम तो कुणावर टाकत नसे.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी भिकाजी टेम्पो घेऊन आला. ऊन लख्ख पडलं होतं. सगळे दाणे खणखणीत सुकले होते. सुरय्यानं चार दिवस कोठीच्या जमिनीवरच पाठ टेकली होती. युसुफनं एकेक खोका स्वतः नेऊन टेम्पोत ठेवला, मधे गवत भरलं, वरून ओलं गोणपाट घातलं.

"आता नळे चढव," तो भिकाजीला म्हणाला. "माडाचे तीन हायत. तिन्ही लांब नळ्यातच घालायचे. कमरेपत्तूर वाळूत पुर. वातीला उघडी ठेवू नको, कागदाच्या नळीत घाल. उघडी वात चालते, नळीतली धावते. पेटवलास की पाठ करून—"

"नळे नकोत. टेम्पोत जागा नाय."

"अरे, जागा नाय तर दुसरी खेप मार."

"नळे हायत त्यांच्याकडे."

"कोणाकडे?"

भिकाजीनं टेम्पोच्या फळीची कडी लावली. ती आधीच लागलेली होती. "पोरांकडे," तो म्हणाला. "आणलेत कुठून तरी."

"किती लांब हायत?"

"असतील रे लांब. तू नको काळजी करू, मी हाय ना."

"भिकाजी, आखूड नळ्यात माड घालू नको हां. नायतर माड ठेवून जा माझ्याकडे. बाकीचा ने."

"माडाशिवाय जत्रा व्हते काय?" भिकाजी म्हणाला आणि टेम्पोत बसला.

टेम्पो वळणाआड गेला तरी युसुफ तिथंच उभा होता. "मी जाऊन पुरून येतू काय नळे?" तो सुरय्याला म्हणाला. "काळोख पडायच्या आत परत येईन. कोणाला दिसणार नाय."

"चोरासारखे जाणार?" सुरय्या म्हणाली. "तुमच्या देवळात?"

तो गेला नाही.

तिन्हीसांजेला तिघंही सड्याच्या कडेला येऊन बसली. पलीकडे देऊळ, दिव्यांनी भरलेलं. पालखी आत गेल्याचा ढोल थांबला. आता गाऱ्हाणं. वारा पलीकडून इकडे येत होता, लाउडस्पीकर स्पष्ट ऐकू येत होता. भिकाजीनं गाऱ्हाणं घातलं, गुरवाचं, घाड्याचं, सगळ्या मानकऱ्यांचं नाव घेतलं. दारवाल्यांचं आलं नाही. युसुफनं सुरय्याकडे बघितलं नाही.

मग दुसराच कोणी माइकवर आला. "भाविकहो, आजच्या आतषबाजीचे मानकरी आहेत आपल्याच गावचे सुपुत्र, हातखंब्याच्या सुजय डेकोरेटर्सचे मालक, सुजय भिकाजी गावकर! संपूर्ण आतषबाजी त्यांची स्वतःची निर्मिती आहे. टाळ्या!"

सुजय, भिकाजीचा मुलगा. हायवेला हातखंब्यात त्याचं मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं. लग्नांत फटाक्यांच्या तयार पेट्या आणून उडवायचा. अलीकडेच त्यानं त्याचा परवानाही काढला होता.

"अब्बा!" उझमा उठून उभी राहिली.

"गप बस. बघ."

पहिला गोळा चढला. तांबडा. त्याच्या पोटात हिरवा ठिपका. सुरय्याच्या तोंडून "हं" असा बारीक आवाज आला. तो तिचा होता. मळताना त्यात पाणी जास्त पडलं होतं म्हणून पुन्हा मळलेला. दुसरा निळा, निळा साधणं सगळ्यात अवघड, आच जरा वाढली की पांढरा पडतो. हा पडला नाही. अंधारात एकामागून एक गोळे उघडत होते आणि तिघांनाही प्रत्येक गोळा ओळखू येत होता, शाळेतून सुटलेल्या मुलांच्या घोळक्यात आपलं मूल कळावं तसा. पलीकडे टाळ्या पडत होत्या. माइकवर दर गोळ्याला सुजयचं नाव.

"म्हणजे ह्याच्यासाठी," सुरय्या म्हणाली. 

मग माड. नळ्याचा आवाज आला तेव्हाच युसुफ ताठ झाला. धप्प असा दबका, पोकळ आवाज. लांब नळ्याचा आवाज असा नसतो. गोळा चढला तो देवळाच्या कळसाच्या जरा वर गेला, थांबला, उलटला आणि खाली येता येता फुटला. सोन्याच्या झावळ्या देवळाच्या पिंपळावर सांडल्या. पलीकडची गर्दी ओरडली. त्यांना वाटलं, मुद्दामच.

युसुफनं फोन काढला. भिकाजीचा फोन वाजला, वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. बंद.

"अजून दोन हायत," युसुफ म्हणाला आणि पळत सुटला.

सड्याची उतरण, मोहल्ल्याची पायऱ्यांची पाखाडी, मशिदीची भिंत. साठीचा माणूस, अनवाणी. पलीकडे मधल्या वेळात साधे बाण सुटत होते. साकवावर त्याचा पाय सरकला, गुडघा फुटला. तो उठतो तोच पुन्हा तो धप्प आवाज. सुजयच्या हाताखालच्या पोरांनी नळे वाळूत पुरले नव्हते, लाकडी चौकटीला बांधले होते. पहिल्या धक्क्यानं चौकट कलली होती. दुसरा माड वर गेलाच नाही. आडवा गेला. मळ्यावरून सळसळत जाऊन गावातल्या सोनूबाई म्हातारीच्या खळ्यात फुटला. तिथं पेंढ्याच्या उडव्या होत्या, पावसातून वाचवून कालच रचलेल्या.

युसुफ पोचला तेव्हा बायका मुलांना ओढत पळत होत्या, पुरुष घागरी घेऊन खळ्याकडे धावत होते आणि सुजय एकटाच नळ्यांपाशी होता. तिसऱ्या नळ्याची वात त्यानं घाबरण्याआधीच पेटवलेली होती. ती आत गेली आणि गोळा निघाला नाही. नळ्याच्या तोंडातून धुराची बारीक दोरी वर येत होती. सुजय मोबाइलची बॅटरी पाडून त्यात वाकून बघत होता.

युसुफनं हाक मारली नाही. हाकेनं माणूस आधी हाक मारणाऱ्याकडे बघतो. त्यानं मागून त्याची कॉलर धरली आणि सगळ्या अंगाच्या भारानं त्याला घेऊन चिखलात पडला. वरून माड निघाला. त्याची आच युसुफच्या पाठीवरून गेली. सदरा खांद्यापासून जळाला. गोळा तिरका खाडीवर गेला, पाण्यात बुडाला आणि पाण्याखालीच फुटला. क्षणभर फाटा सगळा सोन्याचा झाला.

सुजय चिखलात बसून रडत होता. "चाचा, मला नाय माहीत व्हता... बाबा म्हणाले, तुमीच सगळा दिलाव... तुमीच म्हणालाव की आता सुजय करूं दे..."

खळं विझायला वेळ लागला. कोणी मेलं नाही. एका बाईचा हात भाजला, सोनूबाईचा वर्षाचा पेंढा गेला. म्हातारी जळक्या उडवीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची दोन गुरं गोठ्यात हंबरत होती. युसुफला बघून ती पुढं आली आणि त्याच्या तोंडासमोर कंदील धरला.

"इसूबा? तू तर अंथरुणावर ना रे? भिकाजी म्हणाला, तुला उठवत नाय. दारू करणा सोडलंस म्हणाला."

"कोण म्हणाला?"

"भिकाजी. बैठकीत. सगळ्यांना वाईट वाटला. आमी म्हटला, बघायला जाऊं, तर म्हणाला नको, त्याला माणसां नको वाटतात."

युसुफच्या भाजलेल्या खांद्याची आता आग व्हायला लागली होती. "बैठकीत आणखी काय झाला, सोनूबाय? मुसलमान नको, असा कोण बोलला?"

सोनूबाईनं कंदील आणखी जवळ आणला. तिला तो प्रश्नच कळला नाही. "असा कोण बोलंल?" ती म्हणाली. "येडा की काय तू?"

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. आवाज भिकाजीचा. "कोणी घाबरू नये. आग विझलेली हाय. सगळ्यांनी ध्यानात घ्यावा, दारूचा माल युसुफ दारवाल्यांच्या कोठीतला व्हता. माल ओला निघाला. त्यात सुजयचा काय दोष नाय."

अख्ख्या जत्रेत युसुफचं नाव एकदाच घेतलं गेलं, ते असं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भिकाजी मोहल्ल्यात आला. युसुफ पडवीत पालथा पडला होता, सुरय्या त्याच्या पाठीला कोरफडीचा गर लावत होती. भिकाजी पायरीवर बसला. बराच वेळ पायाच्या बोटांना लागलेला चिखल काढत राहिला.

"पाठ बरी हाय?"

सुरय्यानं कोरफडीचं दुसरं पान चिरलं.

"रत्नागिरीहून परवान्याचे साहेब येतायत. इसूब, एवढाच म्हण, माल ओला व्हता. पाऊस व्हताच की. कोणाला खोटा वाटणार नाय. सुजयचा परवाना आताच झालाय. तो गेला तर पोरगा उठायचा नाय. तुझा काय, तू किती वर्सा करणार अजून? तुझा पोरगा फैझान तिकडे मस्कतला कमावतो, उझमा लग्न होऊन जाईल."

युसुफ हातांवर जोर देऊन उठून बसला. "भिकाजी, पोराला पुढं आणायचा व्हता तर मला सांगायचास. मी त्याला शिकवला असता. माझ्या बाजूला उभा केला असता."

"तू दिला असतास काय मान?"

"नसता दिला," युसुफ म्हणाला. "एवढ्यात नसता दिला. पण तू मागितला असतास तर भांडलू असतू तुझ्याशी. तोंडावर."

भिकाजी खाली बघत होता.

"ती गोष्ट तुला सुचली कशी रे? वातावरणाची?"

"दुसरा काय सांगितला असता तर तू ऐकला नसतास," भिकाजी म्हणाला. हळू, पण खरं बोलला. "ह्या एका गोष्टीचा तू जाऊन कोणाला विचारणार नायस, मला ठाऊक व्हता."

सुरय्याचा हात पाठीवर थांबला.

"ऐकलास?" युसुफ तिला म्हणाला आणि मग भिकाजीकडे वळला. "मी लोकांच्या हाकेला ओ दिली नाय. त्या शाळेजवळच्या पोराला. दुकानदाराला. इतके दिस मी अख्ख्या गावाला शत्रू समजत व्हतू, आणि गावात तसा कोणीच नव्हता. तू एकटाच व्हतास."

भिकाजी उठला. पायरी उतरताना म्हणाला, "साहेबासमोर बघ काय ता."

साहेब दुपारी आले. देवळापुढं खुर्ची टाकली, गाव जमलं. सुजय मान खाली घालून एका खांबाला टेकला होता. भिकाजीनं सांगितलं, माल ओला होता. साहेबांनी युसुफला विचारलं, माल तुमचा का?

"माझा. माझा नि माझ्या बायकोचा. सुका व्हता. नळे आखूड व्हते, पुरले नव्हते."

"हे कोणी पाहिलं?"

नळे सकाळीच तिथून गायब झाले होते. साहेबांनी गर्दीकडे बघितलं. दुकानदार होता, शाळेजवळचा पोरगा होता, पालखीला खांदा दिलेले सगळे होते. चौकट सगळ्यांनी पाहिली होती. भिकाजी त्यांच्याकडे बघत होता. तो त्यांचा गावकर, उद्या लग्नात, मयतात, पाण्याच्या पाळीत त्याच्याशीच गाठ. कोणी कुत्र्याला हाकललं. कोणी खोकला काढला.

"मी बघितला," सोनूबाई म्हणाली. "लाकडाला बांधलेले व्हते. इसूबानं भिकाजीच्या पोराला वाचवला. माझा पेंढा गेला, मी कशाला खोटा बोलू?"

साहेबांनी ते ऐकलं. दुसरं कोणी बोलतंय का, म्हणून जरा थांबले. मग म्हणाले, चौकशी होईपर्यंत दोघांचेही परवाने बंद. कोठीतला उरलेला माल आजच पाण्यात घालायचा, कोठीला सील.

परत येताना साकवावर तो शाळेजवळचा पोरगा मागून धावत आला. "चाचा," म्हणाला आणि धापा टाकत उभा राहिला. युसुफनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगा परत गेला.

सड्यावर देखरेखीला आलेला पोलीस काजूखाली दगडावर बसला आणि फोन बघायला लागला. सुरय्यानं भात शिजवायचं मोठं पातेलं, घंगाळ, दोन बादल्या, घरात होतं नव्हतं ते भांडं आणून मांडलं. उझमा खालच्या विहिरीवरून पाणी आणत होती. युसुफला हात वर करता येत नव्हता. तो बसल्या बसल्या डबे उघडत होता. कुटलेली दारू पाण्यात पडली की आधी वर तरंगायची, मग हळूहळू ओली होऊन बुडायची. पाणी काळं होत गेलं. पुढच्या लग्नसराईसाठी भाजून ठेवलेला कोळसा गेला. वाती गेल्या. शेवटी दाण्यांची एक परात उरली होती, निळ्याची. सुरय्यानं ती मांडीवर घेतली, एकदा बोटं फिरवली आणि पातेल्यात उलटी केली. चौकोन थोडा वेळ तसेच राहिले, मग कडा विरघळल्या.

उन्हं उतरली होती. खालून, खाडीच्या पलीकडून, कोणीतरी हाक मारत होतं. लांब, ओढून. "इसूऽऽब!" जरा वेळानं पुन्हा. "इसूब रेऽऽ!"

उझमानं घागर खाली ठेवली आणि कान दिला. सुरय्यानं भिकाजीचा आवाज ओळखला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पाण्यात होते, तळाशी राहिलेली ढेकळं तो बोटांनी फोडत होता.

"अब्बा, कोण तरी हाक मारतंय," उझमा म्हणाली.

"कोण नाय," युसुफ म्हणाला. "तू पाणी ओत."